दोर धरणारी माणसे

व्हिएन्ना,
14 ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

मागच्या रविवारी येथील आर्सेनलच्या आवारातले लष्करी इतिहासाचे संग्रहालय पाहून आलो. तेथे 'इंत्रेपिद' नावाचा फ्रेंच टेहळणी फुगा आहे. 1796 साली व्यूर्त्सबुर्गच्या लढाईत तो ऑस्ट्रियनांच्या हाती लागला. मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो त्याच्या टोपलीपाशी. दोन माणसे अंग चोरूनच तीत उभी राहू शकतील, आणि अशा जागेतून दुर्बिणीने शत्रूच्या हालचाली टिपायच्या!

तापल्या लोखंडावरून वाफ सोडली की हायड्रोजन मिळतो, हे तुम्ही फळ्यावर समीकरण मांडून शिकवत असा. असे फुगे उडवणाऱ्या फ्रेंच लष्करी तुकडीचे सारे काम याच अभिक्रियेवर चालत असे. आम्ल वापरून हा वायू अधिक सोप्या रीतीने निघाला असता, परंतु त्यासाठी लागणारे गंधक बंदुकीच्या दारूकरिता राखून ठेवायचे होते. त्यामुळे भट्टीत नळ्या लालबुंद करून वाफ सोडत, आणि एक फुगा भरायला दीड दिवसाच्या वर वेळ लागे.

इतक्या सायासाने भरलेला वायू सोडून देणे कोणाला परवडणार? म्हणून जून 1794 मध्ये मोब्यूझहून शार्लरुआकडे निघताना तुकडीचा प्रमुख कॅप्टन कुतेल याने 'आंत्रप्रनां' हा फुगा रिकामा केलाच नाही. त्याच्या माणसांनी दोर हातात धरून, तो डोक्यावर तरंगता ठेवून, जवळजवळ 40 किलोमीटर चालत नेला. 26 जूनला फ्लरूसच्या लढाईत कुतेल आणि जनरल मोर्लो कित्येक तास वर होते आणि चिठ्ठ्या दोरावरून खाली सोडत होते. लढाई फ्रेंचांनी जिंकली. त्यात फुग्याचा वाटा किती, यावर मात्र एकमत नाही. मला विचाराल तर तो फार नसावा, कारण हलत्या टोपलीतून दुर्बीण स्थिर धरणेच मुळी कठीण. पण आपल्यावर वरून कोणाची तरी नजर आहे, ही जाणीव शत्रूला नक्कीच अस्वस्थ करीत असणार.

पुढे माइन्झच्या वेढ्यात वाऱ्याने फुगा वारंवार जमिनीवर आपटला. दोन दोरांना प्रत्येकी 32 माणसे होती, तरीही ती फरफटत गेली. कुतेलचे नाव इतिहासात राहिले, त्या 64 जणांपैकी एकाचेही मला कोठे आढळले नाही.

1799 मध्ये ही तुकडी मोडली. इजिप्तच्या मोहिमेवर गेलेले तिचे साहित्य त्याआधीच तेथील किनाऱ्यावरच्या अबूकीरला जहाजाबरोबर बुडाले होते.

टोपलीचे छायाचित्र सोबत पाठवीत आहे. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

तुमचा,
श्रीधर