डाक बंगल्यालाही पाहुणे हवेत

आपल्या रविवार पुरवणीतील मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या जीर्णोद्धारावरील लेख मनापासून पटला. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलचा, नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात होरपळलेला जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा पाहुण्यांसाठी खुला झाला. उलट, १८९६ मध्ये जिथे फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, ते मुंबईतीलच वॉटसन हॉटेल बंद पडल्यावर खोल्याखोल्यांनी भाड्याने दिले गेले आणि पार खिळखिळे झाले. पाहुण्यांचा राबता आणि रोजची देखभाल थांबली की भक्कम वास्तूही ढासळू लागते, हे आम्ही येथे डोळ्यांनी पाहतो आहोत. आमच्या गावाजवळच्या इंग्रजकालीन डाक बंगल्याचे सागवानी वासे अजून ठणठणीत आहेत; पण उन्हाळ्यात कवेलूंची शाकारणी (छपरावरची कौले काढून पुन्हा नीट बसवणे) होत नसल्याने दर पावसाळ्यात व्हरांड्याच्या भिंतीत ओल उतरते आणि चुन्याचा गिलावा पोपडे धरून गळतो. हे काम जाणणारे दोन-तीन वयस्क कारागीर गावात आहेत तोवरच बंगल्याची दुरुस्ती व्हावी, आणि तो कुलूपबंद न ठेवता मेळघाटात येणाऱ्या पर्यटकांच्या मुक्कामासाठी गावातील महिला बचत गटाकडे चालवायला द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, मेळघाट (जि. अमरावती)