बाजू बदलायला शिकवणाऱ्या मावशींना

मावशी, नमस्कार.

आभार मानायला लागलो की तुम्ही "पुरे गं आता" म्हणून सुईत दोरा ओवायला घेता. म्हणून लिहूनच धाडतोय. आणि चारचौघींना वाचता येईल असं लिहितोय, कारण बाळाची गोधडी म्हणजे मोठ्या वाकळीचाच छोटा तुकडा, असं पुष्कळ जणींना वाटतं. आम्हालाही तसंच वाटायचं.

माप तुमचं हाताचं: दोन हात लांब, दीड हात रुंद, म्हणजे 36 बाय 27 इंच. पण कापायचं 39 बाय 30, कारण कडा आत मुडपाव्या लागतात आणि धावदोरा कापड ओढून घेतो. खाली एक थर, वर एक, मधे दोन. ऊब वाढावी म्हणून पाचवा घातला की सुई सरळ उतरत नाही आणि खालच्या थराला टाकाच लागत नाही. शिवाय दिवसातून चारदा ओली होणारी ही वस्तू. जाड झाली तर पावसाळ्यात वाळणार कधी?

कापडाच्या बाबतीत तुम्ही कुणाची भीड ठेवली नाहीत. जुनेर सुतीच हवं. नऊवारी बसण्याच्या जागी विरते, पदर आणि काठालगतचा भाग टिकतो, तेवढाच घ्यायचा. दांड घातलेला असेल, म्हणजे विरलेला भाग काढून दोन तुकडे जोडलेले असतील, तर ती शिवण उसवायची, ती टोचते. जरीचा काठ कितीही जीव लावून जपलेला असो, काढायचा. बाळाच्या गालाला ओरखडे येतात. एखादा तुकडा कोरा असेल तर रात्रभर भिजवून खळ काढायची, नाहीतर पहिल्या धुण्यात कोरं आटतं, जुनं आटत नाही आणि गोधडी भाजलेल्या पापडासारखी वाकडी होते. लाल किंवा गडद हिरवं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून बघायचं. फडकं रंगलं तर तो तुकडा बाद.

थर अंथरताना उभे धागे उभ्यावरच आले पाहिजेत. मग मधून चारही कडांकडे लांब कच्चे टाके. हे टाचण आम्ही टाळायचो, आणि कडेपासून शिवत आत गेलं की सगळा घोळ मधोमध जमून फुगा यायचा. तो दाबून बसवता येत नाही. उसवणं हाच उपाय.

धावदोऱ्याचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन फेऱ्यांत बोटभर अंतर. त्याहून दाट भरली तर गोधडी ताठ होते, विरळ ठेवली तर धुताना आतले थर सरकून गोळा होतात. लांब टाका बाळाच्या गोधडीत अजिबात नको, त्यात इवलं बोट अडकतं. दोरा संपला की बाहेर गाठ न मारता तीन टाके उलटे घ्यायचे आणि सुई थरांमधून पुढे काढून कापायचं.

पण खरे आभार आहेत ते बाजू बदलण्याचे.

चौघी चार बाजूंना बसलो की एवढ्याशा गोधडीभोवती गुडघ्याला गुडघा लागतो. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. घट्ट हाताखालची बाजू आखडते, 27 ची 26 होते, समोरची तशीच राहते आणि गोधडी तिरकी. मोठ्या वाकळीत इंचभर खपून जातो, इथे तो लगेच डोळ्यांत भरतो. कुणाचा हात घट्ट यावरून वाद लागतो तो वेगळाच. हात सुधारायच्या भानगडीत न पडता बूड हलवायचं, हा तुमचा कायदा: दर दोन फेऱ्यांनी सगळ्यांनी उठून उजवीकडे सरकायचं. घट्ट-सैल सगळीकडे सारखं वाटलं जातं. रुसवेही मिटतात, कारण कुठला टाका कुणाचा हे ओळखताच येत नाही. बारशाला कुणी विचारलंच की ही कुणी शिवली, तर चारही नावं सांगावी लागतात.

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, चार कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. ती आम्हाला फार आवडतात, पण तुम्ही बाळाच्या गोधडीला लावू देत नाही. बाळ ती चोखत बसेल, हे खरंच.

प्रदर्शनात भाव पाडणाऱ्यांसाठी आम्ही आता एक हिशेब पाठ केलाय. बोटभर अंतरानं बाहेरून आत साधारण 18 फेऱ्या होतात, म्हणजे तीसेक मीटर धावदोरा, सगळा हातानं. हे सांगितलं की निम्मे लोक गप्प होतात. उरलेले मशीनवर शिवलेली, पॉलिएस्टर भरलेली रजई घेतात. घेऊ देत.

घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन कडक उन्हात घातल्या. तुमच्या देखरेखीखालच्या एकीचीही कड वाकडी झाली नाही. नव्या गोधडीचं टाचण झालंय. तिघी बसतोय, चौथी बाजू मोकळी आहे. येताना चष्मा आणि अंगुस्तान आणा, मागच्या वेळी दोन्ही घरी राहिलं होतं.

तुमच्या,
दुपारच्या तिघी