वर्कशॉपच्या सरांना, सादर नमस्कार

आदरणीय सर,

हे पत्र खरं तर बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी लिहायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, पुढे नोकरीच्या धबडग्यात राहून गेलं. गेल्या आठवड्यात एक प्रसंग घडला आणि मग राहवेना. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. इमारत देखभालीचा व्होकेशनल कोर्स घ्यावा की नाही, अशा विचारात असलेली मुलं आणि त्यांचे आईवडीलही वाचतील म्हणून.

मी आता एका सात मजली इमारतीची देखभाल बघते. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीच्या कोपऱ्यात, पार छतापर्यंत ओल आली होती. रंगाचे पोपडे सुटलेले, खाली काळी बुरशी. बरोबर वर चौथ्या मजल्याचं बाथरूम, म्हणजे गळती तिथलीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. टाइल्स फोडायला माणसं बोलवायची तेवढी बाकी होती. मी दोन दिवस मागून घेतले. वरचे सगळे नळ बंद करून मीटरचा काटा पाहिला, तो जागचा हलला नाही. नाहणीचं तोंड बंद करून फरशीवर रंगीत पाणी रात्रभर साठवून ठेवलं, खाली रंगाचा मागमूस नाही. मग तुम्ही वर्कशॉपच्या भिंतीवर करून दाखवलं होतंत तेच केलं. ओलीची जागा पुसून कोरडी केली, त्यावर वीतभर ॲल्युमिनियम फॉइल लावली आणि चारी कडा टेपने बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर फॉइलवर खोलीच्या बाजूने दव जमलं होतं. फॉइल सोलली, मागची भिंत कोरडी. म्हणजे पाणी भिंतीतून येतच नव्हतं. खोलीतल्या हवेतली वाफ त्या थंड कोपऱ्यावर जमत होती. खिडकी कायम बंद, एक्झॉस्ट फॅन कधीचा बंद पडलेला आणि कपाट भिंतीला घट्ट टेकवलेलं. फॅन दुरुस्त केला, कपाट वीतभर पुढे ओढलं, बुरशी साफ केली. एकही टाइल फुटली नाही, सर.

त्या संध्याकाळी तुमची फार आठवण आली. आम्ही हत्यारांची पेटी उघडायला घाई करायचो आणि तुम्ही पेटीवर हात ठेवून विचारायचात, "काय दिसलं ते आधी सांग." तेव्हा राग यायचा. हातात नवाकोरा पाइप पाना असताना कोणाला नुसतं बघत बसायचं असतं? आता कळतं, देखभालीतली निम्मी कामं नीट बघण्यातच सुटतात. न वापरलेल्या खोलीत गटाराचा वास येतो, लोक पाइप फुटला म्हणतात. खरं तर ट्रॅपमधलं, म्हणजे नाहणीखालच्या पाइपच्या वाकणातलं, पाणी वाळलेलं असतं. इनमिन ५० मिलिमीटर पाणी, पण गटारातली हवा घरात येऊ न देणारं दार तेच. ते वाळलं की दार उघडंच. तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं.

अजून एक गोष्ट लिहायलाच हवी. वर्कशॉपमध्ये विजेच्या वितरण पेटीसमोर मी उभी होते. एमसीबी, म्हणजे त्या खोलीची वीज तोडणारा खटका, पाडला होता, खाली चिठ्ठी होती, "मागची खोली". मी हात पुढे केला आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. ओरडला नाहीत. फक्त टेस्टर हातात दिलात. तो पेटला. चिठ्ठी चुकीची होती, कोणीतरी जुन्या काळी बदल करून लिहायचं विसरलं होतं. मग तुम्ही सगळ्या वर्गाला बोलावलंत. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासायचा, मग ज्यावर काम करायचं त्या तारेवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. तिसऱ्यांदा कशाला, असं कोणीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? आणि पाडलेल्या एमसीबीला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. सर, आज माझ्या हाताखाली चार माणसं काम करतात. चौघांच्याही खिशात स्वतःच्या कुलपाची किल्ली असते.

लोक म्हणायचे, अभ्यास जमत नाही म्हणून ही मुलं पाने फिरवायला गेली. त्यांनी तुमचा तास पाहिला नव्हता. पाण्याची उंची १० मीटर वाढली की दाब साधारण १ बारने वाढतो, हे पुस्तकातलं वाक्य तुम्ही आम्हाला गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत चालवत शिकवलंत. वरच्या मजल्यावर शॉवरची धार का बारीक आणि खालच्या मजल्यावर वायसर का लवकर जातात, हे मला त्या दिवशी जिना उतरताना समजलं. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अधिवेशनाला आलेली माणसं न्यूमोनियाने आजारी पडली, कित्येक दगावली आणि कारण असलेला लीजिओनेला जीवाणू पुढच्या वर्षी सापडला, हेही तुमच्याच तासाला ऐकलं. साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो. म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि कोणी वापरत नसलेले नळही आठवड्यातून एकदा सोडायचे. मी दर सोमवारी ते नळ सोडते. तिथे राहणाऱ्या कोणालाही हे माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही.

आणि वर्गात मी एकटी मुलगी होते. तुम्ही मला कधी रजिस्टर लिहायला बसवलं नाहीत. शिडी माझ्याकडून लाववलीत, चार फूट उंचीला पाय एक फूट बाहेर, चुकली की पुन्हा. थ्रेडिंग करताना, म्हणजे पाइपला आटे पाडताना, हाताला फोड आले तेव्हा हातमोजे दिलेत, सुट्टी नाही दिलीत. त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून नीट कळत नाही. मनापासून मानते, एवढंच.

एक विचारायचं राहिलं. आमच्या दोन नंबरच्या पंपाचा आवाज बदललाय. तुम्ही शिकवलंत तसं स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून, मूठ कानाशी धरून ऐकलं. मोटरच्या बाजूला बारीक खरखर आहे, पंपाच्या बाजूला नाही. मी बेअरिंग म्हणतेय, पण मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगची रेघ चुकली असेल अशीही शंका येते. सवडीने एकदा येऊन कान लावाल का?

तुमची विद्यार्थिनी