बाई, तुम्ही काढलेल्या त्या व्हिडिओसाठी

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून इथे लिहितेय. तुम्ही जे केलंत ते कोकणातल्या शाळाशाळांत पोचायला हवं.

लेकीला फिट आली की वाडीत कोणी चप्पल हुंगवायला धावायचं, कोणी देवाला गाऱ्हाणं घाला म्हणायचं. तुम्ही मात्र आम्हाला आधी विचारून ठेवलंत आणि वर्गात ती टक लावून बसली त्या क्षणापासून मोबाईल सुरू केलात. पुढे ती कोसळली तेव्हा तिला कुशीवर वळवलंत, तोंडात काही घालू दिलं नाहीत.

आम्हाला घरी फक्त मोठा झटका दिसायचा. तुमच्या व्हिडिओत त्याआधीचं सगळं होतं: ओठांची चघळल्यासारखी हालचाल, उजव्या हाताने फ्रॉक चिवडणं, डावा हात आखडून वाकडा होणं. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतल्या डॉक्टरांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. डावा हात असा आखडतो तेव्हा झटका बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूला, कानशिलाजवळच्या भागात सुरू होतो, असं त्यांनी समजावलं. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट थांबत नसेल, तर ती औषधांना दाद न देणारी मिरगी. मग नुसत्या गोळ्या बदलत न बसता कारण शोधायचं. आधीचा एमआरआय नॉर्मल म्हणून आला होता. या वेळी मिरगीसाठीच्या खास पद्धतीने, पातळ काप घेऊन केला, आणि नेमक्या त्याच जागी वाटाण्याएवढी गाठ दिसली. व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रण करत मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवणारी तपासणी, तीही तिकडेच बोट दाखवत होती.

गाठ म्हटल्यावर हातपायच गळाले. ऑपरेशननंतर तपासणीत नाव कळलं: गँग्लिओग्लिओमा. दुर्मीळ, बहुतेक वेळा मुलांत आणि तरुणांत सापडणारी, पहिल्या ग्रेडची, सावकाश वाढणारी. अशी गाठ पूर्ण निघाली तर बहुतेकांच्या फिट थांबतात. आमच्या लेकीला त्यानंतर एकही आलेली नाही. बाई, हे लिहिताना हात थरथरतोय.

गोळ्या अजून चालू आहेत. डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायच्या. ती शाळेत येईल तेव्हा खेळू दे, धावू दे. फक्त विहिरीवर आणि खाडीकडे एकटी सोडू नका. आणि तो व्हिडिओ तुमच्या शिक्षक प्रशिक्षणात दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. लेकीला विचारलंय, तिची हरकत नाही.

तुमची ऋणी,
तुमच्या विद्यार्थिनीची आई