नंबर लागला, पण मुंबई लांब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अवयवदानाच्या बातम्या आपण ठळक छापता. पण दान झालेला अवयव कुणापर्यंत पोचतो, त्यावरही कधी लिहावं.

माझा चुलतभाऊ राजापूर तालुक्यात बंदरावर खलाशी होता. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला रत्नागिरी. पहाटेची एसटी, परतायला काळोख, दुसरा दिवस अंथरुणात. वहिनी मूत्रपिंड द्यायला तयार होती (घरातून देणाऱ्या बहुतेक बायकाच असतात), पण तिला मधुमेह निघाला. मग मुंबईच्या एका रुग्णालयातर्फे प्रतीक्षायादीत नाव घातलं. तिथे पहिला प्रश्न, ‘मुंबईत कोण आहे का तुमचं?’ आम्हाला वाटलं, सहज विचारतायत.

गेल्या श्रावणात रात्री दीडला फोन आला. ‘किती वेळात पोचाल?’ बाहेर मुसळधार पाऊस. भाऊ म्हणाला, ‘गाडी मिळाली तर दहा तास.’ गाडीवाल्याने नऊ हजार सांगितले. ते गोळा करीपर्यंत दुसरा फोन: ‘निघू नका, पुढच्या पेशंटला बोलावलंय.’ फोन करणाऱ्या बाईंना दोष देत नाही. काढलेलं मूत्रपिंड जितकं लवकर बसेल तितकं बरं, त्याआधी क्रॉसमॅचलाही (दात्याचं मूत्रपिंड रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का, ती तपासणी) काही तास जातात. त्या तरी किती थांबणार? पण नालासोपाऱ्यात एखादा भाचा असणं हाही निकषच आहे, फक्त फॉर्मवर छापलेला नाही.

नावनोंदणीसाठी अधिवासाची अट नको, असं केंद्राने 2023 मध्ये राज्यांना कळवलं. त्याच वर्षी महात्मा फुले योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. दोन्ही चांगलंच. पण रात्री दीडला गाडी कोण देणार? अवयवासाठी पोलीस रस्ता मोकळा करून ग्रीन कॉरिडॉर करतात, पेशंट मात्र खड्ड्यांतून आपल्या नशिबाने येतो. यादीत वर आलेल्या गावाकडच्या रुग्णांना रुग्णालयाजवळ परवडणारी खोली द्यावी आणि बोलावणं आलं की सरकारी गाडी मिळावी, एवढं तरी व्हावं.

आणखी एक. मुंबई-गोवा महामार्गावर अपघातात डोक्याला मार लागलेले जखमी आमच्याकडच्याच रुग्णालयांत येतात. प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयालाही मेंदूमृत रुग्णाचे अवयव काढण्यापुरती नोंदणी करता येते, 2011 च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपण कायद्यात तशी सोय आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किती रुग्णालयांनी ती केली, ते आरोग्य विभागाने एकदा जाहीर करावं.

आपला,
एक वाचक, राजापूर