बातमीखाली १९३० हा मदत क्रमांक छापा

महोदय,

ऑनलाइन ओळखीतून लग्नाचं आमिष दाखवून लुबाडल्याच्या बातम्या आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर आता नेमानं येतात. बातमी यायलाच हवी. पण मथळा असतो 'परदेशी प्रियकरानं प्रौढेला घातला गंडा', आणि बाईंचं वय पहिल्याच ओळीत. नौपाड्यात मी बरीच वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवते, त्यातही पुनर्विवाहाच्या नोंदी जास्त. असले मथळे वाचून कोण तोंड शिवून बसतं, ते मला रोज दिसतं.

घोडबंदर रोडच्या एक बाई माझ्याकडून नाव काढून घ्यायला आल्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. म्हणाल्या, "ताई, माझं जमलं." ओळख एका विवाह संकेतस्थळावरची. गृहस्थ स्कॉटलंडजवळ समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनीअर, विधुर, एक मुलगी. आडनाव अगदी आपल्याकडचं. मी सवयीनं विचारलं, गाव कुठलं? "मुंबईच." मूळ गाव? कुलदैवत? मामा कुठले? बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मराठी बोलतात का? नाही, म्हणे लहानपणीच तिकडे गेले. व्हिडिओ कॉल? विहिरीवर नेट चालत नाही. सकाळच्या गुलाबाच्या फुलापासून रात्रीच्या शायरीपर्यंत सगळे मेसेज पोचवण्यापुरतं मात्र नेट चालत होतं! त्यांच्याकडून फोटो घेऊन गूगलवर शोधला, तर तेच गृहस्थ दुसऱ्या देशात, दुसऱ्या नावानं, हसतमुख.

तोवर उशीर झाला होता. लग्नाआधीची भेट म्हणून सोनं आणि पौंड भरलेलं पार्सल धाडल्याचं त्या गृहस्थांनी कळवलं होतं. मग दिल्ली विमानतळावरून 'कस्टम ऑफिसर' बाईचा फोन आला, ड्युटी भरा. ती भरली, तर पार्सलमध्ये परकी चलन सापडलं म्हणून दंड. तो भरला, तर चलन बदलायची फी. आणि दर वेळी पैसे कुणा तरी माणसाच्या बचत खात्यात. खरं कस्टम खातं कुणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही, त्यांच्या अधिकृत पत्रावर तपासून घेता येणारा दस्तऐवज क्रमांक असतो. हे बाईंना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? "मुलाला इतक्यात सांगू नकोस, मी आल्यावर सरप्राइज देऊ," असं त्या गृहस्थांनी आधीच बजावलेलं.

माझ्या मते सगळी गोम इथं आहे. पूर्वी स्थळ आलं की कुणी काका वागळे इस्टेटच्या कंपनीच्या गेटवर जाऊन मुलाची चौकशी करून यायचे, आत्या शेजारपाजारी विचारून यायची. त्या चौकशीत भोचकपणाही पुष्कळ असायचा, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण पन्नाशीतल्या माणसाला पुन्हा सोबत हवी असेल, तर त्याची चौकशी करायला घरातलं कुणीच उरत नाही, कारण घरी सांगायचीच चोरी. भामट्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून जो माणूस ओळख होताच साइट सोडून व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर चला म्हणतो, आणि आपलं नातं घरापासून लपवायला सांगतो, तो पैसे मागेपर्यंत आपण वाट पाहूच नये, तिथेच थांबावं.

ऐरोली, महापेच्या आयटीवाल्या मुलांना वाटतं, हे काकू लोकांचं प्रकरण. त्यांच्यासाठी नवा प्रकार आहे. ऑनलाइन ओळख झालेली मुलगी पैसे मागतच नाही. गप्पांच्या ओघात ट्रेडिंगमधून झालेली कमाई दाखवते आणि एक ॲप देते. थोडे पैसे घाला, नफ्यासकट परतही मिळतात. मोठी रक्कम अडकली की पैसे काढण्याआधी 'टॅक्स' भरावा लागतो. काही जणांना तर फक्त बँक खातं मागितलं जातं, "माझे पैसे तुझ्याकडे येऊ दे." ते चोरीचे निघाले की खातं गोठतं आणि चौकशीला सामोरं जावं लागतं ज्याचं खातं त्यालाच.

समोरचा गोड बोलणारा माणूसही कधी कधी कोंडलेला असतो. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीनं जुंपली असल्याचा अंदाज दिला होता. नोकरीच्या आमिषानं तिकडे अडकलेल्यांत आपलीही पोरं होती.

पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी मदत क्रमांक फिरवावा. किती वाजता, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले आणि व्यवहाराचा क्रमांक काय, एवढं हाताशी ठेवावं. पैसा खात्याखात्यांतून पळवला जातो. वाटेत कुठे सापडला तरच थांबवता येतो, तासाभरानं केलेला फोन आणि आठवड्यानं केलेला फोन यांत तोच फरक. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि आपल्या बँकेला लेखी. चॅट चिडून पुसू नये, तोच पुरावा. आणि नंतर कुणी "फी भरा, गेलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणत आला, तर तोही बहुधा त्याच माळेचा मणी.

आमच्या बाई आठवडा उलटल्यावर तक्रारीला गेल्या. एका पोलीस ठाण्यात त्यांना ऐकवलं गेलं, "या वयात कशाला हवं होतं हे?" वर हद्दीचा प्रश्न. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे सांगायला मी सोबत गेले तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. मुलाला त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

केंद्र सरकारनं २०१६ मध्येच विवाह संकेतस्थळांना नोंदणी करणाऱ्यांच्या पडताळणीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. आम्ही छोटे केंद्रचालक घटस्फोटाचा हुकूमनामा, आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला पाहिल्याशिवाय नाव पुढे करत नाही. लाखो नावं बाळगणाऱ्यांना ते का जड जावं, याची आपल्या वार्ताहरांनी एकदा चौकशी करावी.

आपल्याकडे माझं मागणं लहान आहे. अशा प्रत्येक बातमीखाली १९३० हा क्रमांक ठळक छापा, आणि बाईंचं वय मथळ्यातून आणि पहिल्या ओळीतूनही काढा. रविवारच्या वधू-वर छोट्या जाहिरातींच्या पानावरही तोच क्रमांक चौकटीत यावा. त्या जागेचे पैसे लागत असतील तर कळवा, आम्ही ठाण्यातले केंद्रचालक मिळून भरू.

– एक वधू-वर सूचक केंद्रचालिका, नौपाडा, ठाणे
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध केलेले नाही)