पूर्वपक्षावरच थांबू नये

संपादक महोदय,
स. न.

रशियन साहित्यातील बुद्धी आणि श्रद्धा हा विषय निघाला की बडोद्यातील मराठी वाचक मंडळे दोस्तोयेव्हस्कीच्या 'करामाझोव्ह बंधू'मधले धर्मन्यायाधीशाचे प्रकरण तेवढे वाचतात. इवान करामाझोव्ह आपल्या धाकट्या, श्रद्धाळू भावाला, अल्योशाला, सांगतो ती ही कथा. सुटे वाचता येते, म्हणून सोयीचे. पण नव्वदीतला तो धर्मन्यायाधीश, चर्चचा कार्डिनल (उच्च धर्मगुरू), म्हणजे बुद्धी आणि त्याच्यापुढे मूक बसलेला ख्रिस्त म्हणजे श्रद्धा, अशी वाटणी झाली की चर्चा तिथेच फसते. कार्डिनल चर्चचाच माणूस. त्याचा देवावर विश्वास नाही, हेच त्याचे गुपित, असे अल्योशा लगेच बोलून दाखवतो.

इवानचा खरा पूर्वपक्ष, म्हणजे उत्तर मागणारा मूळ आक्षेप, त्याआधीच्या 'बंड' या प्रकरणात आहे. देव नाही असे तो तिथे म्हणतच नाही. छळलेल्या एका मुलाच्या आसवांवर उभारलेले अंतिम सुख त्याला नको. त्या सुखाच्या प्रवेशाचे तिकीट तो आदराने परत करतो. म्हणून पाचव्या भागातील तिसरे ते पाचवे प्रकरण सलग घ्यावे, दोन बैठका लागल्या तरी चालेल.

पुढची बैठक सहाव्या भागाला, म्हणजे इवानला दिलेल्या उत्तराला, द्यावी. मंडळी कंटाळतात ती इथे, कारण मठवासी झोसिमा युक्तिवाद करत नाही. लेखकाने ते जाणूनच केले. हे उत्तर मुद्देसूद नाही, चित्ररूप आहे, असे त्याने ऑगस्ट 1879 मध्ये आपल्या परिचयातल्या सनातनी विचारांच्या उच्च अधिकाऱ्याला, पोबेदोनोस्त्सेव्हला, कळवले. ते पुरेल की नाही याची धास्तीही त्याला होती. तरुण झोसिमा, तेव्हा लष्करी अधिकारी, आपल्या नोकराला, अफानासीला, तोंड रक्ताळेपर्यंत मारतो. दुसऱ्या दिवशी द्वंद्वयुद्धाला निघण्यापूर्वी अफानासीच्या पायाशी जमिनीला कपाळ टेकतो. प्रतिस्पर्ध्याला आधी गोळी झाडू देतो आणि आपले पिस्तूल फेकून देतो. छळ करणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार कोणाला, हा इवानचा प्रश्न. माझा अपराध किती, हा झोसिमाचा. दोघांच्या प्रश्नांतले हे अंतर सापडले नाही तर सहावा भाग नुसते प्रवचन वाटतो, आणि तसे वाटणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही.

अकराव्या भागातले इवान आणि सैतानाचे संभाषण शेवटी घ्यावे. इवानचेच विचार तिथे एका सामान्य, लाघट पाहुण्याच्या तोंडून परत येतात. ते त्याला असह्य का होतात, यावर बोलायला पुष्कळ जागा आहे.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर 'बंड' आणि अफानासीचा प्रसंग वाचावा. कार्डिनलला त्या दिवशी वगळले तरी चालेल.

आपले,
काही वाचक, बडोदे